भाऊजींच्या गाठी

माझ्या ताईला स्वतःची चूक कबूल करता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नाही ते फक्त ताईला. ती गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पाय त्या जादा ब्रेकवर तयार ठेवायचा आणि समोरचा माणूस चुकायच्या आधीच त्याची चूक सांगून मोकळं व्हायचं, हा तिचा पिढीजात नसला तरी जन्मजात धंदा. अर्ध्या गावाला तिने रस्त्यावर आणलं, असं मी म्हणते आणि ती दर वेळी रागावते.

मी तिची धाकटी बहीण. पलीकडच्या गल्लीत राहते, दातांच्या दवाखान्यात पेशंटना आत-बाहेर करते. संध्याकाळी सुटले की घरी जायच्या आधी पाय आपोआप ताईकडे वळतात. चहा चांगला असतो हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे भाऊजी.

भाऊजी शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, खिडकीशी मशीन. ताईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, भाऊजींचा टेबलाच्या पलीकडे जायचीही मारामार. या दोघांचं जमलं कसं, हे कोडं मी लहानपणापासून सोडवत होते. शेवटी ते मला मागच्या बागेत सुटलं.

बाग म्हणजे काय, तर गाडीची शेड आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली चिंचोळी जागा. झिजलेले टायर आडवे टाकून त्यात पिटुनिया आणि फ्लॉक्स, भिंतीच्या कडेने अॅस्टर आणि मधल्या लांब वाफ्यात ग्लॅडिओलस. ग्लॅडिओलस हे ताईचं खरं वेड. पानं तलवारीसारखी सरळ, दांडा त्याहून सरळ, आणि फुलं खालून वर, एकामागून एक, रांग न मोडता उमलणारी. शिस्तीचं फूल आहे, असं ती म्हणायची. सगळे कंद एकदम लावायची नाही. आज एक ओळ, आठ-पंधरा दिवसांनी दुसरी, मग तिसरी, म्हणजे एक ओळ फुलून संपते तोवर मागची तयार. "सिग्नलला सगळ्यांनी एकदम गाडी काढली तर काय होईल?" हे तिचं त्यावरचं स्पष्टीकरण.

खणणं, लावणं, पाणी, खत, ओरडणं ही ताईची खाती. भाऊजींकडे एकच काम होतं, बांधणं. ग्लॅडिओलसचा दांडा उंच वाढतो, फुलांनी जड होतो आणि जरा वारा सुटला की भुईसपाट. म्हणून प्रत्येकाशेजारी एक काठी रोवायची आणि दांडा तिला बांधायचा. सुतळीने दांडा कापला जातो, म्हणून भाऊजी कापडाच्या काठाच्या पट्ट्या वापरायचे. ताग्याची ती जाड कड शिंपी एरवी कापून टाकतो, ती ते वर्षभर जमवून गुंडाळून ठेवायचे. काठीला घट्ट गाठ, दांड्याला सैल फास, मध्ये एक पीळ. काठी हलायची नाही आणि दांड्याला काचायचं नाही. ताईने एकदा स्वतः बांधून पाहिलं होतं. त्या वर्षी निम्मे दांडे गळा आवळल्यासारखे पिवळे पडले. त्यानंतर ती त्या कामाच्या वाटेला गेली नाही, आणि हे तिच्या तोंडून कधी वदवून घेता येणार नाही.

मग भाऊजींचे डोळे गेले. एकदम नाही. काचबिंदू हा चोरपावलांनी येणारा आजार. आधी सुईत दोरा ओवणं गेलं, मग काज, मग खडूची रेघ. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला त्यांनी दोन वेगळ्या रंगांच्या बाह्या लावल्या, त्या दिवशी त्यांनी मशीनवर आच्छादन घातलं आणि ते परत काढलं नाही. डॉक्टर म्हणाले, एक ऑपरेशन झालं, दुसरं करू. जेवढं उरलंय तेवढं टिकवायचा प्रयत्न, गेलेलं परत येणार नाही. उरलं होतं म्हणजे खिडकी कुठे आहे ते कळायचं, इतकंच.

ताई रडली नाही. तिने नियम केले. घरात रंगाचं नाव काढायचं नाही. निळी बादली नाही, "मोठी बादली" म्हणायचं. "बघा", "दिसतंय का", "डोळ्यासमोर" हे शब्द बंद. आता आमच्या भाषेत बघितल्याशिवाय पान हलत नाही. चव बघतो, वाट बघतो, करून बघतो, एखाद्याला बघून घेतो. त्यामुळे त्या घरात आम्ही सगळे परीक्षेला बसल्यासारखे बोलायला लागलो. मी तर चहाच्या कपाकडे मान घालून "बरं", "हो का", "छान" एवढ्यावर भागवत असे. सगळ्यात जास्त वेळा नियम ताईच मोडायची आणि मोडला की माझ्यावर डोळे वटारायची.

भाऊजी दुसऱ्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, तेव्हा तिने पुढचा निर्णय घेतला. ग्लॅडिओलसला वास नसतो. ज्या फुलाला वास नाही, ते भाऊजींच्या काय कामाचं? हा तिचा हिशेब. कंद मागच्या हंगामात काढून, साफ करून शेडमधल्या जाळीच्या ट्रेमध्ये वाळत ठेवलेले होतेच. तिने ते कागदी पिशव्यांत भरले आणि आपल्या विद्यार्थ्यांना वाटून टाकले. आजी, माजी, पास झालेले, दोनदा नापास झालेले, कोणी सुटलं नाही. मधला वाफा उकरून तिथे वासाची झाडं लावली. वेलासारखी चढणारी स्वीट पी, लवंगेसारख्या वासाचा स्टॉक, कडेला मधाच्या वासाचं ते बारीक पांढरं अॅलिसम.

"सरप्राइज आहे," ती मला म्हणाली. "घरी आले की वासानेच खूश होतील."

"त्यांना विचारलंस का?"

"विचारून केलं तर सरप्राइज कसलं?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या सीटवरून तिला ब्रेक लावणारा अजून जन्माला यायचाय.

भाऊजी घरी आले. ताईने त्यांना हाताला धरून मागे नेलं, स्टॉकपाशी उभं केलं. त्यांनी वास घेतला, छान आहे म्हणाले, आणि ते छानच होतं. मग त्यांनी विचारलं, "आणि ग्लॅडिओलस?"

"सगळं झालंय, तुम्ही काही काळजी करू नका," ताई म्हणाली.

हे खोटं नव्हतं, असं ती नंतर ठासून सांगायची. सगळं झालंच होतं.

त्यानंतर काही आठवडे गेले. एका दुपारी दवाखाना लवकर बंद झाला म्हणून मी ताईकडे गेले. ताई शिकवायला बाहेर होती. पुढच्या खोलीत भाऊजी जमिनीवर बसले होते आणि त्यांच्यासमोर लाकडी खुर्ची उलटी टाकलेली होती. खुर्चीचे चारही पाय हवेत, आणि प्रत्येक पायाला खालपासून वरपर्यंत कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या. मशीनचा खण उघडा, त्यात पट्ट्यांचे गुंडे ठासून भरलेले, एक गुंडा त्यांच्या गळ्यात. बाजारातल्या जुन्या शिंपीमित्रांकडून त्यांनी मागवून घेतल्या होत्या. खुर्चीच्या पायाशेजारी ते फुटपट्टी धरत, तिला दांडा समजून फास घालत, मग बोटाने फास किती सैल आहे ते चाचपत.

"कोण, मेव्हणीबाई?" ते म्हणाले. माझी चप्पल त्यांना ओळखू येते. "ताईला सांगू नकोस हं. सवय करतोय. वीतभर वर आले असतील ना आता? महिन्याभरात बांधायला येतील."

मी दाराशीच खाली बसले.

"शिवणकाम गेलं ते गेलं," भाऊजी गाठ मारता मारता म्हणाले. "हे एक काम राहिलंय माझ्याकडे. याला डोळे लागत नाहीत. मी करून पाहिलंय."

मी चहा न पिता उठले आणि शेडमध्ये जाऊन ताईची वाट बघत बसले. गाडी आत येताच मी तिला सगळं सांगितलं. खुर्ची, पट्ट्या, महिन्याभरात बांधायला येतील, सगळं. ती स्टीअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली. मग तिचं डोकं तिच्या नेहमीच्या वेगाने पळायला लागलं. रोपवाटिकेतल्या बाईला फोन. कंद संपले, पुढच्या हंगामात या. दुसरीकडे फोन. तिथेही तेच.

"कुठून तरी दुसरी कसली तरी तशाच पानांची झाडं आणून लावते," ती म्हणाली. "त्यांना काय कळणार—"

वाक्य तिथेच थांबलं. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. ती गाडीतून उतरली, तडक पुढच्या खोलीत गेली, मी मागोमाग.

"अहो, मी ते कंद देऊन टाकले."

भाऊजींचा हात खुर्चीवर थांबला. "सगळे?"

"सगळे. वास नाही त्यांना, म्हणून."

मग भाऊजी म्हणाले, "मला विचारायचं तरी." एवढंच. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी नाही. त्यांनी खुर्चीच्या पायावरची वरची गाठ सोडली, पट्टी सरळ करून बाजूला ठेवली. मग त्याखालची. मग त्याखालची. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मी त्या लपवल्या नाहीत, कारण त्या खोलीत मला बघणारी एकटी ताई होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

तिसऱ्या की चौथ्या गाठीला ताईने खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली. "उठा."

"कुठे?"

"परत आणायला."

"दिलेलं परत मागायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना गाडी मी शिकवलीय," ताई म्हणाली. "ऐकून घेतील."

अशी आमची वरात निघाली. ताई स्टीअरिंगवर, मी शेजारी, मागच्या सीटवर भाऊजी मांडीवर टोपली घेऊन. गाडीवर मोठ्या अक्षरांत "शिकाऊ" अशी पाटी होती, ती काढायचं कोणाला सुचलं नाही.

पहिली नर्सबाई. तिने कंद कुंडीत लावले होते, पण अजून काहीच वर आलं नव्हतं. ताईने कुंडी उपडी केली, तर सगळे कंद उलटे. कोंब खाली फुटले होते आणि वळून वर निघाले होते. "यू-टर्न!" ताई म्हणाली. "परीक्षेत जमला नाही, कुंडीत जमला." नर्सबाई लाजली, भाऊजींच्या टोपलीत पहिली भर पडली.

बेकरीवाल्याने कंद भट्टीच्या वरच्या फळीवर ठेवले होते, उबेत राहतील म्हणून. भाऊजींनी एकेक उचलून अंगठ्याने दाबला, कानाशी हलवला. "हे गेले," ते म्हणाले. नुसती टरफलं उरली होती. बेकरीवाला इतका ओशाळला की त्याने आम्हाला पावाची लादी दिली, ती मी मांडीवर घेतली.

वकीलबाईंनी पिशवी ठेवली कुठे होती, हे त्यांना स्वतःलाच आठवेना. शेवटी ती स्वयंपाकघरातल्या कांद्यांच्या जाळीत सापडली. त्यांनी घाईघाईत ओंजळी भरभरून दिल्या. गाडी सुटल्यावर मागून भाऊजींचा आवाज आला, "यात तीन कांदे आहेत." पुन्हा वास घेऊन ते म्हणाले, "चांगले आहेत, राहू देत." कित्येक दिवसांनी मी त्यांना विनोद करताना ऐकत होते. ताई समोर बघून गाडी चालवत होती, पण तिचे खांदे थोडे खाली आले.

खरी गाडी अडली ती पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांकडे. त्यांच्याकडे सगळ्यात मोठी पिशवी गेली होती आणि त्यांनी ती मन लावून लावली होती. फाटकाच्या दोन्ही बाजूंना लांबट कुंड्या आणि त्यांत हातभर उंचीची पानं, एका ओळीत. ताईने मागितल्यावर मास्तर फाटकात आडवे उभे राहिले.

"मॅडम, दिलेलं परत घेतात का? मी रोज सकाळी पाणी घालतो. आता तर वाढायला लागलेत."

"माती बदलून देते. दुसरी रोपं देते. पिटुनिया घ्या, फ्लॉक्स घ्या."

"मला हेच हवेत. तुम्हीच म्हणालात, शिस्तीचं फूल आहे म्हणून."

ताईने तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा माणूस संपला. त्याला गाडी समांतर लावता येत नाही, हे साऱ्या रस्त्याला कळणार. गाडीची मागची काच खाली होती. भाऊजी आत टोपलीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते.

"माझं चुकलं," ताई म्हणाली.

मास्तर फाटकातून थोडे बाजूला झाले.

"ते माझे नव्हतेच द्यायला," ती पुढे म्हणाली, आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा तो आवाज मला कान देऊन ऐकावा लागला. "बागेतलं ते काम यांचं आहे. मी यांना न विचारता वाटून टाकलं. माझं चुकलं."

मास्तरांनी गाडीत वाकून पाहिलं. भाऊजींच्या गळ्यात कापडाच्या पट्ट्यांचा गुंडा अजून तसाच लटकत होता, काढायचा राहिला होता. मग मास्तरांनी एका बाजूच्या कुंड्या स्वतः उचलून डिकीत ठेवल्या. "एक बाजू माझी राहू दे," ते म्हणाले. "आणि बांधायची वेळ आली की मला शिकवायला या." हे ते ताईला नाही, मागच्या सीटला म्हणाले.

घरी आल्यावर ताई स्वीट पी उपटायला निघाली. एका दिवसात इतकं बदलायला तिला जमतं, पण अर्धं बदलायला जमत नाही. भाऊजींनी तिला अडवलं. "वासाची राहू देत. मला आवडतात. यांच्या मधून ओळ काढू." दोरी ताणून त्यांनी ओळ धरली, वीत वीत सरकत एकेक कंद बसवला, चपटी बाजू खाली, कोंब वर, चार बोटं खोल. मी खड्डे खणले, मास्तरांची रोपं मातीसकट ओळीच्या टोकाला लावली. माझे खड्डे वाकडे आहेत, असं ताई तीनदा म्हणाली, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

उशीर झाला होता, पण फार नाही. कंदांना कोणी किती छळलं याचं काही वाटत नसावं, सगळे वर आले. यू-टर्नवालेसुद्धा, किंचित तिरके. पानं गुडघ्याला लागली, मग कमरेला, मग पानांच्या पोटातून दांडे निघाले आणि भाऊजींचं काम सुरू झालं. सकाळी उठून ते ओळीच्या या टोकाला बसायचे आणि सरकत सरकत जेवणापर्यंत त्या टोकाला पोचायचे. ताई शेडमधून गाडी काढताना हॉर्न वाजवायची नाही, आवाजाने हात दचकेल म्हणून. एकदा रात्रभर वादळी वारा झाला. सकाळी आम्ही धावत मागे गेलो, तर शेजाऱ्यांचं कुंपण आडवं आणि आमचा एकही दांडा वाकलेला नाही. ताईने एकेका गाठीला हात लावला, पण तोंडाने काही म्हणाली नाही. मी मात्र म्हणाले. मला कोणी बंदी घातली नव्हती.

आणि मग ती सकाळ. सुट्टीचा दिवस होता, मी चहाला गेले होते. भाऊजी ओळीत बसले होते. पहिल्या दांड्याच्या खालच्या कळीवर त्यांनी बोट ठेवलं, पाकळीच्या कडेवरून फिरवलं.

"हे उमललंय," ते म्हणाले. "कोणता रंग?"

मी कप तोंडापासून खाली घेतला. त्या घरात किती महिने झाले, कोणी रंगाचं नाव काढलं नव्हतं. ताई पाण्याची झारी घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं.

"अगं, विचारतोय मी. कोणता आलाय पहिला?"

"ते..." ताई म्हणाली. मग तिने झारी खाली ठेवली. "मी परीक्षा द्यायला गेले त्या दिवशी मला शर्ट शिवून दिला होतात, आठवतो? लायसन्सच्या फोटोत आहे. त्या रंगाचं आहे. विटकरी."

"तो शर्ट विटकरी नव्हता."

"विटकरीच होता. मी घातलाय तो."

"मी शिवलाय," भाऊजी म्हणाले. "गाजरी होता. विटकरी तुला शोभतच नाही, मी कशाला आणीन?"

"अहो, विटेचा रंग मला कळत नाही का?"

"गाजरी."

"विटकरी!"

दोघांचाही आवाज चढला. भाऊजींचासुद्धा. टेबलाच्या पलीकडेच काय, तो पार कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गेला, आणि शेजारच्या बाई खिडकीत आल्या. मी कप हातात धरून हसत होते की रडत होते, मलाच कळेना. मला इतकंच कळत होतं की हे भांडण मिटू नये.

"उगाच वाद घालू नकोस," भाऊजी म्हणाले. त्यांनी ताईच्या मनगटाला धरून तिला खाली ओढलं आणि तिचं बोट त्या फुलावर ठेवलं. "नीट बघ."

आयुष्यभर हा शब्द ताईने दुसऱ्यांना सुनावला होता. आरशात नीट बघ, समोर नीट बघ, वळायच्या आधी नीट बघ. ती मातीत गुडघे टेकून बसली, चष्मा वर सरकवला आणि ते फूल अगदी जवळून, आत घशापर्यंत, सावकाश बघितलं.

"गाजरी आहे," ती म्हणाली. "आत थोडं पिवळं."

"हं," भाऊजी म्हणाले आणि पुढच्या दांड्याकडे सरकले. "आता हा सांग."